एका शिबिराने भागत नाही: पोलीस आणि फायरमन यांच्या मनाला आधार म्हणजे नेमकं काय

फायरमनचं मन आगीने खचतं आणि पोलिसाचं गुंडांमुळे, असा आपला एक ढोबळ समज असतो. दांडियाबाजारच्या फायर स्टेशनातून बंब निघाला की आपण स्कूटर कडेला घेतो आणि डोळ्यांपुढे ज्वाळा येतात. प्रत्यक्षात बडोद्याच्या फायर ब्रिगेडच्या वाट्याला आगीइतकंच पाणी आणि चिखलही येतो. १८ जानेवारी २०२४ला हरणीच्या मोटनाथ तलावात सहलीला आलेल्या शाळकरी मुलांची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर चढली, शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला आणि मगरी सोसायट्यांच्या फाटकापर्यंत आल्या. नोव्हेंबरमध्ये कोयलीच्या रिफायनरीत टाकीचा स्फोट झाला. जुलै २०२५मध्ये पादऱ्याजवळचा गंभीरा पूल तुटला, गाड्या महीसागर नदीत पडल्या, किमान २० माणसं दगावली आणि चिखलातला शोध दिवसेंदिवस चालला. हे सगळं दीड वर्षाच्या आत.

मोठे कॉल पेपरात येतात. त्यांच्या मधल्या दिवसांत कालव्यातून प्रेत काढायचं असतं, एक्स्प्रेस वेवर चेपलेल्या गाडीचा पत्रा कापून माणूस बाहेर काढायचा असतो, उत्तरायणाला मांज्यात अडकून तारेवर लोंबकळणारं कबूतर सोडवायचं असतं. पुन्हा तीच माणसं, तोच बंब. म्हणून मन खचतं ते बहुतेकदा एका भयंकर दिवसाने नव्हे. एकावर एक साचत जातं, मधे नीट झोप होत नाही, आणि बोलायची सोय नसते. या लेखात मी तिसऱ्या गोष्टीवर जास्त रेंगाळणार आहे. पहिल्या दोन बदलायला भरती लागते, बजेट लागतं, वर्षं लागतात. तिसरीला त्या मानाने फार थोडं लागतं, आणि तरीही तीच सगळ्यात मागे राहिली आहे.

पोलिसांचं साचणं वेगळ्या तऱ्हेचं. आपल्याला दिसतो तो चौकात शिट्टी वाजवणारा पोलीस. पण अनैसर्गिक मृत्यू झाला की मृतदेह तपासून प्रत्येक जखम लिहून काढायचं काम कायद्याने पोलिसांवरच टाकलेलं आहे. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४व्या कलमाखाली चालायचं, १ जुलै २०२४पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४व्या कलमाखाली चालतं. कलम बदललं, काम तेच. सयाजी हॉस्पिटलच्या पोस्टमार्टम रूमबाहेर कागद घेऊन ताटकळणारा पोलीस तुम्ही पाहिला असेल. मयताच्या घरी कळवायचा फोनही बऱ्याचदा त्यालाच करावा लागतो. पोक्सोच्या, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये लहान मुलीचा जबाब घेणारी महिला पीएसआय संध्याकाळी घरी जाऊन स्वतःच्या मुलीचा अभ्यास घेते. सायबर शाखेत बसलेल्याला तर असले व्हिडिओ पुरावा म्हणून शेवटपर्यंत बघावे लागतात.

आणखी एक फरक आहे. पुरातून म्हाताऱ्या आजींना उचलून आणणाऱ्या फायरमनचे फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतात. पोलीस त्याच पाण्यात उभा असतो, पण त्याची गणना लोक 'हे काय करतात' या खात्यात करतात. कौतुक हाही मनाला एक टेकू असतो, आणि पोलिसाच्या नशिबी तो क्वचित येतो.

आत काय चालतं

धोका दिसला की मेंदूतला अमिग्डाला नावाचा छोटा भाग विचार सुरू व्हायच्या आधीच इशारा देतो. ॲड्रेनॅलिन सुटतं, छाती धडधडते, नजर एका जागी खिळते, दुखणं जाणवेनासं होतं. हा बिघाड नव्हे. याच जोरावर माणूस धुरात शिरतो. कॉल संपला की हळूहळू सगळं उतरायचं असतं, आणि बहुतेकांचं उतरतंही. अडचण होते ती उतरायच्या आत पुढचा कॉल आला की. असं महिनोन्महिने झालं की शरीर उतरायचंच विसरतं. मग घरात कुकरची शिट्टी झाली तरी माणूस दचकतो, हॉटेलात भिंतीकडे पाठ करून दाराकडे तोंड असलेलीच खुर्ची धरतो, आणि मुलाच्या हातून ग्लास पडला तर त्याच्यावर असा खेकसतो की नंतर त्याची त्यालाच लाज वाटते.

दुसरी गोष्ट आठवणींची. साध्या आठवणीवर मेंदू तारीख आणि जागा घालतो: हे तेव्हा झालं, तिथे झालं, संपलं. हे काम हिप्पोकॅम्पस करतो आणि जबर भीतीत त्याचं काम अर्धवट राहतं. मग ती आठवण जावक नंबर न पडलेल्या कागदासारखी टेबलावरच पडून राहते. ठाण्यातल्या कुठल्याही रायटरला विचारा, असा कागद दुसरं काही शोधताना रोज हाताला लागतो. वास तर अशा आठवणीला सगळ्यात पटकन खेचून आणतो, कारण वासाची वाट मेंदूच्या याच भागांशी थेट जोडलेली आहे. घरी भरितासाठी वांगं भाजायला ठेवलं आणि कर्ता माणूस काही न बोलता उठून गच्चीवर गेला, तर तो रुसलेला नसतो.

मोठ्या घटनेनंतर पहिले काही दिवस झोप उडणं, तेच दृश्य डोळ्यांपुढे येणं, जेवण न जाणं, अचानक रडू येणं हे आजारपण नाही. निरोगी मन असंच वागतं. डॉक्टर साधारण महिनाभराची मुदत धरतात. त्यानंतरही त्रास तसाच राहिला किंवा वाढला तर पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार, आहे का हे तपासतात. १९८०पासून या नावाने तो मानसोपचाराच्या अधिकृत यादीत आहे. त्यात चार तऱ्हेच्या गोष्टी बघतात. दृश्य, स्वप्न किंवा वास होऊन घटना परत परत अंगावर येते. माणूस त्या रस्त्याने जाणं, ते नाव काढणंच टाळायला लागतो. मन निबर होतं, सगळ्यांवरचा जीव उडतो, 'माझंच चुकलं' हा विचार सुटत नाही. आणि शरीर सतत सावध राहतं: झोप नाही, राग पटकन, दचकणं.

जगभरातल्या अभ्यासांची २०१२मध्ये एकत्र मोजदाद झाली, तेव्हा बचावकार्य करणाऱ्यांमध्ये पीटीएसडीचं प्रमाण सुमारे १० टक्के निघालं. हा आकडा दोन्हीकडून वाचावा. दहातल्या एकाला आजार होतो म्हणजे प्रत्येक स्टेशनात, प्रत्येक ठाण्यात कुणी ना कुणी असणार. आणि दहातल्या नऊजणांना तो होत नाही, म्हणजे वर्दी अंगावर चढवली की माणूस आतून मोडणारच, असं मुळीच नाही. अर्थात पीटीएसडी हे एकच दुखणं नव्हे. त्या नऊजणांतही कुणाला नैराश्य असतं, कुणाची झोप गेलेली असते, कुणी पिऊ लागलेला असतो. आपल्याकडे तर मनाचं दुखणं आधी पोटातून आणि पाठीतून बोलतं. छातीत धडधडतं म्हणून ईसीजी काढतात, तो नॉर्मल येतो, 'गॅस असेल' म्हणून गोळी मिळते आणि प्रकरण तिथेच मिटतं.

सगळ्यात कमी बोललं जातं ते अपराधीपणाबद्दल. हात पोहोचत होता पण सुटला. दोन मुलं दिसत होती, एकच धरता आली. किंवा पोलिसाच्या बाबतीत, वरून हुकूम आला म्हणून लाठी चालवली आणि समोर ओळखीचा चेहरा होता. ही भीती नव्हे, म्हणून 'घाबरू नकोस' हे औषध इथे लागू पडत नाही. स्वतःच्या नजरेतून उतरणं हे भीतीपेक्षा चिवट दुखणं आहे. मानसोपचारात याला आता वेगळं ओळखायला लागले आहेत, आणि 'तू केलंस ते बरोबरच होतं' असं कुणी घाईने म्हटलं तर उलट माणूस आणखी मिटतो, हेही लक्षात आलं आहे.

झोप, आणि बाटली

२०१९ साली भारतातल्या पोलिसांच्या स्थितीवर कॉमन कॉज आणि लोकनीती या संस्थांचा एक मोठा अहवाल आला. देशभरातल्या पोलिसांना विचारून काढलेला निष्कर्ष असा, की त्यांचा दिवस सरासरी १४ तासांचा असतो आणि दोनांपैकी एकाला साप्ताहिक सुट्टीच मिळत नाही. बडोद्याचं कॅलेंडर ज्याला ठाऊक आहे त्याला याचं आश्चर्य वाटणार नाही. गणपतीचे दहा दिवस, पाठोपाठ नवरात्रीच्या नऊ रात्री, मग दिवाळी, मग उत्तरायण. त्यात मधेच एखादा मोठा पाहुणा. २८ ऑक्टोबर २०२४ला पंतप्रधान आणि स्पेनचे पंतप्रधान बडोद्यात एकत्र आले तेव्हा ऐन दिवाळीच्या तोंडावर शहर नवरीसारखं सजलं होतं. बंदोबस्ताला उभे राहिलेले नवरात्र संपवून नुकते कुठे पाय पसरायला लागले होते.

झोपेचं गणित साधं आणि निर्दय आहे. १७ ते १९ तास सलग जागा असलेला माणूस प्रतिक्रिया देण्यात इतका मंदावतो, की रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्याच्या बरोबरीला येतो. हे २००० साली प्रयोगात मोजलं गेलं. दारूबंदीच्या राज्यात आपण श्वास तपासायचं यंत्र घेऊन फिरतो, पण रात्रभर जागून सकाळी पुन्हा बंबाच्या किंवा पीसीआर व्हॅनच्या स्टिअरिंगवर बसणाऱ्याची झोप कुणी मोजत नाही. मनाच्या दृष्टीनेही झोप ही चैनीची गोष्ट नव्हे. वर म्हटलेला तारखा घालण्याचा उद्योग मेंदू बराचसा झोपेतच करतो. झोप गेली की आठवणी लागायच्या तशा लागत नाहीत.

आणि दारूबंदीचं म्हणाल तर गुजरातेत १९४९च्या कायद्याखाली ती आहे, आणि बाटली मिळते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. यातून एक विचित्र पेच तयार होतो, जो पुण्या-मुंबईच्या पोलिसापुढे या रूपात नसतो. तिकडे 'थोडी जास्तच होतेय' असं माणूस निदान डॉक्टरांना सांगू शकतो. इथे पिणं हाच गुन्हा, आणि पिणारा जर स्वतः दारूच्या केसेस करणारा पोलीस असेल तर तो कुणाला सांगणार? मग ताण, दारू, लपवाछपवी आणि त्या लपवाछपवीचा नवा ताण, असं चक्र सुरू होतं. बाटली नको म्हणून काहीजण मेडिकलमधून अल्प्राझोलामसारख्या गोळ्या मिळवतात. त्यांनी त्या रात्रीपुरती झोप लागते खरी, पण पीटीएसडीवर हे औषध नव्हे, जाणकार ते टाळायलाच सांगतात, आणि सवय लागली की सोडवणं कष्टाचं होतं.

शिबिराची गोष्ट

मोठी दुर्घटना झाली की कुठल्याही खात्यात साधारण एकच उत्तर निघतं: तज्ज्ञ बोलवा, सगळ्यांना हॉलमध्ये बसवा, तणावमुक्तीवर दोन तास. मागे बॅनर, पुढे समई, शेवटी अल्पोपहार. मी याची टिंगल करणार नाही, कारण ज्यांनी ते भरवलं त्यांना काहीतरी करावंसं वाटलं, हेही थोडं नाही. पण याचा उपयोग किती, यावर जगात बरीच माहिती गोळा झाली आहे आणि ती फारशी गोड नाही.

१९८३मध्ये जेफ्री मिचेल या अमेरिकन माणसाने एक पद्धत मांडली. तो स्वतः आधी आग विझवणं आणि ॲम्ब्युलन्सचं काम केलेला. घटनेनंतर एक-दोन दिवसांत सगळ्या तुकडीला एकत्र बसवायचं आणि प्रत्येकाने काय पाहिलं, काय वाटलं ते क्रमाने बोलायचं. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! ही पद्धत भराभर पसरली. मग लोकांनी मोजायला सुरुवात केली. भाजलेल्या रुग्णांवरच्या १९९७च्या एका ब्रिटिश अभ्यासात, असं एकदाच बसवून बोलतं केलेल्यांपैकी २६ टक्क्यांना तेरा महिन्यांनंतर पीटीएसडी होता. ज्यांना काहीच केलं नव्हतं त्यांच्यात ९ टक्क्यांना. पुढे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २००२च्या आढाव्यात सगळे अभ्यास एकत्र पाहिले तेव्हा एका बैठकीने आजार टळतो याचा पुरावा सापडला नाही. ब्रिटनच्या आरोग्यसेवेची मार्गदर्शक सूचना आज स्पष्ट सांगते की हे करू नका.

असं का व्हावं? एक म्हणजे मन स्वतःच्या वेगाने जखम भरत असतं, तिथे सक्तीने खपली काढली जाते. दुसरं, ज्याला काही वाटत नव्हतं तो दुसऱ्याने पाहिलेलंही ऐकून घरी नेतो. आणि तिसरं कारण आपल्याकडे फारच लागू पडतं: खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत साहेब बसलेले असतात. त्यांच्यासमोर कोण सांगणार की मला रात्री मुलाचा चेहरा दिसतो?

मग पहिल्या दिवसांत काय करायचं? जवळजवळ कंटाळवाण्या वाटतील अशा गोष्टी. जागतिक आरोग्य संघटनेने २०११मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली, तिचा गाभा तीन क्रियांचा आहे: बघा, ऐका, जोडून द्या. कोण सैरभैर झालाय ते बघायचं. बोलायचं असेल त्याचं ऐकायचं, नसेल त्याला खोदायचं नाही. आणि ज्याला गरज असेल त्याला घराशी, डॉक्टराशी, रजेशी जोडून द्यायचं. तलावावरून परतलेल्या तुकडीला गरम पाणी, चहा, कोरडे कपडे, घरी फोन करायला दहा मिनिटं, आणि जमलं तर पुढच्या चोवीस तासांत दुसरा मृत्यूचा कॉल न देणं. मूल दगावलेल्या कॉलवर ज्याचं स्वतःचं मूल त्याच वयाचं आहे त्याच्याकडे जरा जास्त लक्ष. स्टेशन ऑफिसरला यातलं काहीही करायला मंत्रालयाची मंजुरी लागत नाही.

त्यानंतरची पायरी म्हणजे सहकाऱ्याचा आधार. ब्रिटनच्या रॉयल मरीन्समध्ये एक पद्धत उभी राहिली आणि नंतर तिथल्या पोलीस-फायरमध्येही गेली. दलातलेच काहीजण निवडून त्यांना थोडं प्रशिक्षण द्यायचं. ते डॉक्टर होत नाहीत, उपचार करत नाहीत. घटनेनंतर साधारण तीन दिवसांनी ते त्या माणसाशी एकट्याने बोलतात: झोप कशी आहे, पिणं वाढलंय का, स्वतःला दोष देतोयस का, घरी कसं चाललंय. आणि मग महिनाभराने पुन्हा तेच प्रश्न. त्रास उतरला असेल तर विषय संपला. उतरला नसेल तर डॉक्टर. या पद्धतीची सगळी खुबी दुसऱ्या भेटीत आहे, आणि शिबिरात नेमकी तीच नसते. शिवाय विचारणारा आपल्यातलाच असतो. 'काय शिंदेभाई, त्या दिवसापासून झोपताय ना नीट?' हा प्रश्न गंभीरा पुलाखालच्या चिखलात बरोबर उभ्या राहिलेल्याने विचारला तर उत्तर खरं मिळण्याची शक्यता असते.

अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ला न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे ३४३ जण एका दिवसात गेले. त्यांचा समुपदेशन विभाग त्याआधीही होता, पण छोटा. नंतर त्यांनी शहाणपणाची गोष्ट ही केली की समुपदेशक ऑफिसात वाट बघत बसले नाहीत. ज्या फायर स्टेशनांतली माणसं गेली होती तिथे जाऊन बसायला लागले, त्यांच्या स्वयंपाकघरात, त्यांच्या जेवणाच्या वेळेला. निवृत्त फायरमन त्यांच्या जोडीला घेतले. आधी ओळख, मग विषय.

ज्याला खरोखर पीटीएसडी झाला आहे त्याला मात्र चहा आणि सहानुभूती पुरत नाही, आणि 'वेळ हेच औषध' म्हणून बसून राहणं चुकीचं आहे. यावर चांगले उपचार आहेत. एका पद्धतीत तज्ज्ञाच्या मदतीने, सुरक्षित खोलीत, ती आठवण ठरावीक क्रमाने पुन्हा पुन्हा सांगून घेतात आणि टाळलेल्या जागी हळूहळू नेतात, म्हणजे मेंदूला 'हे संपलेलं आहे' हे पटतं. दुसरीला ईएमडीआर म्हणतात. आठवण मनात धरून डोळे डावी-उजवीकडे हलवायला लावतात. दिसायला जादूटोण्यासारखी, पण पुरावा तिच्या बाजूने आहे. साधारण ८ ते १२ बैठका लागतात, काहींना जास्त. सर्ट्रालिनसारख्या, नैराश्यावर देतात त्या गोळ्यांचाही उपयोग होतो आणि त्या झोपेच्या गोळ्यांसारख्या नसतात. खपली काढू नका असं वर म्हटलं आणि इथे पुन्हा आठवण सांगायला लावतात, हा विरोधाभास वाटेल. फरक वेळेचा, तज्ज्ञाचा आणि एकांताचा आहे: पहिल्या दोन दिवसांत घोळक्यात बोलणं वेगळं, आजार ठरल्यावर स्वतःच्या इच्छेने बंद दाराआड बोलणं वेगळं. बडोद्यात मानसोपचारासाठी कारेलीबागेचं सरकारी रुग्णालय आहे, आणि त्या फाटकातून आत जायचा संकोच वाटत असेल तर सयाजीच्या मानसोपचार विभागात इतर ओपीडींच्या गर्दीत कुणी कुणाकडे बघत नाही.

कोणाला कळणार?

आता खऱ्या अडथळ्यापाशी येऊ. मदत कुठे आहे हे माहीत नसतं म्हणून माणसं थांबतात असं नाही. ती थांबतात कारण कळलं तर काय होईल, याचा हिशोब त्यांनी केलेला असतो. हत्यार काढून घेतील. बदली होईल. प्रमोशनच्या वेळी कुणीतरी कानात कुजबुजेल. आणि स्टेशनात 'ढिला पडला' म्हणून हसतील.

कायदा यात काही बाबतीत चांगला आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७चा, २९ मे २०१८पासून लागू. त्याच्या २३व्या कलमाने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. अपवाद आहेत, उदाहरणार्थ दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर. शस्त्र बाळगणाऱ्याने हे आधीच समजून घेतलेलं बरं. २१व्या कलमाने आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायला हवं. ११५वं कलम म्हणतं की आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं, त्याच्यावर खटला चालवायचा नाही. नोकरीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२१ला केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या, नैराश्य असलेल्या एका अधिकाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. मानसिक आजारामुळे घडलेल्या वागण्यावर आजाराचा विचारच न करता शिस्तभंगाची कारवाई करणं हा भेदभाव ठरू शकतो, असं न्यायालयाने म्हटलं.

पण गुप्तता डॉक्टरपाशी फुटत नाही, ती कारकुनापाशी फुटते. पंधरा दिवस रजा हवी तर वैद्यकीय दाखला लागतो, दाखल्याच्या नमुन्यात आजाराचं नाव लिहायला जागा असते, तो कागद टपालात जातो, आवक होतो, चार टेबलांवर फिरतो आणि संध्याकाळपर्यंत पोलीस लाइनीत सगळ्यांना माहीत असतं. कायदा कितीही चांगला असो, हा कागद बदलत नाही तोवर लोक पाठदुखीच्याच नावाने रजा घेणार. यावर तोडगा अवघड नाही: दाखल्यावर फक्त 'कामासाठी तूर्त अयोग्य' आणि मुदत, आजाराचं नाव बंद पाकिटात एकाच वैद्यकीय अधिकाऱ्याकडे. तसंच हत्याराचं. काही आठवडे बिनहत्यारी काम देणं ही शिक्षा म्हणून नोंदली गेली तर कुणी तोंड उघडणार नाही. फ्रॅक्चर झाल्यावर हलकं काम देतात तशी नोंद झाली तर उघडेल. बहुतेक वेळा धोक्याचा काळ थोडा असतो, आणि त्या काळात हत्यार हाताशी नसणं जीव वाचवतं. म्हणूनच ही नोंद कशी होते याला इतकं महत्त्व आहे.

फायर आणि पोलीस यांची व्यवस्थाही एक नाही. पोलीस राज्याच्या गृहखात्याचे, बडोद्याचे फायरमन महानगरपालिकेचे. त्यामुळे एकाच पुलाखाली खांद्याला खांदा लावून उभे असलेल्या दोघांच्या रजेचे नियम वेगळे, डॉक्टर वेगळे, वरिष्ठ वेगळे. त्यातही कुणी करारावरचा असेल तर त्याला रजाच नाही म्हणा ना.

घरच्यांसाठी थोडं. बदल सगळ्यात आधी बायकोला किंवा आईला दिसतो. 'एवढं काय त्यात, तुमचं कामच आहे ते' हे वाक्य गिळून टाकावं. 'तुम्ही तीन आठवडे झोपत नाही आहात, मी बघतेय. डॉक्टरांकडे मीही येते,' एवढं पुरतं. काय पाहिलंत ते सांगाच, असा हट्ट नको. जगण्यात अर्थ नाही, मी नसलो तर बरं, असं काही बोलणं निघालं किंवा माणूस वस्तू वाटून टाकायला लागला, तर सरळ विचारावं: जीव द्यायचे विचार येतात का? विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट बोलायला वाट होते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नये, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं, आणि हत्यार घरात असेल तर ते विश्वासातल्या वरिष्ठाकडे जमा करायला लावावं. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी फोन नंबर १० ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे. चोवीस तास, फुकट, आणि भाषा निवडता येते, त्यात मराठी आणि गुजराती दोन्ही आहेत. रात्रपाळीच्या माणसाला पहाटे तीनला दुसरं कुठलं दार उघडं मिळणार? घरच्यांनी स्वतःसाठी फोन केला तरी चालतो.

निवृत्तांना या सगळ्यातून आपण वगळूनच टाकतो. कित्येकांचा त्रास नोकरी सुटल्यावर वर येतो, कारण तोवर कामाच्या धबडग्याने तो दाबलेला असतो. बडोद्याच्या मराठी घरांत असे काका असतात, जे पेन्शनीनंतर एकदम अबोल झाले किंवा एकदम तापट. मदत त्यांनाही हवी. आणि न्यूयॉर्कचा अनुभव बघता ती देऊही तेच शकतात: बदलीची भीती संपलेली, साहेबाचा धाक नाही, आणि 'तुला काय कळतंय' असं त्यांना कुणी म्हणू शकत नाही. दांडियाबाजार, पाणीगेट, वाडीवाडी, प्रत्येक स्टेशनामागे असे दोघे, काही दिवसांचं प्रशिक्षण, मानसोपचार विभागातला एक डॉक्टर ज्याला ते थेट फोन करू शकतील, आणि वरिष्ठांना नावं न कळवण्याची लेखी हमी. ठाण्यांसाठीही हेच. सुरुवातीला एवढं पुरेल.